माळावरचं विमान आणि घरातला मी

कलावती गेल्याची बातमी गावात सगळ्यात शेवटी मला कळली. ती आमच्या मुलीकडे गेवराईला गेली होती. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही ती पोचली नाही. मुलगी रडत होती, जावई धावपळीत होता, त्यामुळे कुणी कुणाला फोन केला याला काही धरबंद राहिला नाही. नांदूरघाटात बातमी आधी पिठाच्या गिरणीत कळली, मग बसस्टँडवरच्या हॉटेलात, मग आमच्या गल्लीत. मी मात्र अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो. एकेक माणूस यायचा आणि काही न बोलता ओट्यावर बसायचा. मी म्हणालो, "आज काय सगळ्यांना सुट्टी आहे का?" तेव्हा शेजारचा महादू खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, चपला घाला. गेवराईला जायाचंय." जीपमध्ये बसल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. मन्मथआप्पाला माझ्या आधी कळलं असेल का, हे आलं. आणि कळलं होतं. पुण्याहून त्याचा फोन जावयाला येऊन गेलेला होता. पोटात दुखायला मुहूर्त लागत नाही हेच खरं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं असा रिवाज आहे आणि मी जन्मभर रिवाजानं वागलेला माणूस आहे. कलावती चांगलीच होती. तिच्या हातची येसराची आमटी खाल्लेला पाहुणा पुन्हा यायला निमित्त शोधायचा. सुनेचा आणि तिचा आवाज कधी दारापलीकडे गेला नाही. माझ्या आईचं शेवटचं दुखणं तिनं एकटीनं काढलं. हे सगळं खरं आहे, पण लिहायला बसलो ते यासाठी नाही. माझ्या बायकोनं बरीच वर्षं एक विमान सांभाळलं, आणि ती सगळी वर्षं मी जळत होतो. विमानावर जळत होतो आणि विमानवाल्यावरही. दोघांत जास्त कुणावर, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. फार काही नको होतं मला. तिच्या लेखी पहिला नंबर माझा असावा, इतकंच. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला नंबराची फार सवय असते.

तिचं नाव मी असं उघड पहिल्यांदाच घेतो आहे. आमच्याकडे नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. लग्नात उखाण्यापुरतं घेतलं तेवढंच, पुढं 'अगं' आणि 'ऐकलं का'. तीही मला कधी 'अवो' म्हणाली नाही. सगळं गाव गुरुजी म्हणायचं म्हणून ती पण गुरुजीच म्हणायची. भाकरी वाढतानाही, "गुरुजी, आनखी घ्या." तिला 'कलू' म्हणणारा माणूस जगात एकच होता, तो म्हणजे मन्मथ. आता नावच मन्मथ म्हटल्यावर बाकी काय बोलायचं. आमच्या लिंगायतांत घरोघरी मन्मथ असतात, त्यात त्याचा दोष नाही, हे मलाही कळतं. पण नवऱ्यानं चोरून घ्यावं असं नाव दुसऱ्या माणसानं अंगणात उभं राहून मोठ्यानं घ्यायचं, आणि आतून ओ यायची... हे ज्याच्या वाट्याला आलं त्यालाच कळेल.

मन्मथ तिचा आतेभाऊ. आमच्या भागात भावाच्या लेकीवर आत्याचा पहिला हक्क. कलावती पाळण्यात होती तेव्हापासून आत्या म्हणायची, ही माझी सून. पुढं मन्मथ शिकायला पुण्याला गेला आणि तिकडून त्यानं निरोप पाठवला, की मला एवढ्यात लग्न करायचं नाही. माझ्या सासऱ्यांचा स्वभाव तापट. त्यांनी त्याच उन्हाळ्यात पोरगी शाळामास्तराला देऊन टाकली. म्हणजे मला. तिला तेव्हा काय वाटलं हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात होती. चुलतभाऊ, मावसभाऊ सगळ्यांना ती दादा म्हणायची. मन्मथला तिनं कधी दादा म्हटलं नाही. आतेभावाला दादा म्हणत नसतातच, तशी पद्धतच आहे. पण पद्धत कशासाठी आहे हेही मला ठाऊक होतं.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. वर्तमानपत्रातले लोक खाउजा खाउजा म्हणून लिहायचे आणि आमच्याकडे ते कुणाला कळायचं नाही. एवढंच दिसायचं, की गावात टेलिफोनचं बूथ आलं, सरपंचाच्या माडीवर डिशची थाळी आली, पानटपरीवर परदेशी थंड पेयाच्या बाटल्या आल्या. मन्मथचा पुण्याजवळ ठिबकच्या नळ्यांचा कारखाना होता, तो त्या दिवसांत असा फुगला की बोलायची सोय नाही. आमच्या शेताला लागून त्याचा वडिलोपार्जित माळ होता. एका हिवाळ्यात त्यानं त्यावरचे दगड वेचून घेतले, मुरूम टाकला, रोलर फिरवला. गावाला वाटलं, खडी केंद्र टाकतोय. आणि एक दिवस मी सातवीला भूमिती शिकवत असताना आभाळात घरघर झाली. छोटंसं पांढरं विमान शाळेवरून एक चक्कर मारून माळाकडे उतरलं. मी खडू हातात धरून मागं वळलो तर वर्ग रिकामा.

मी माळावर पोचलो तेव्हा सगळं गाव जमलेलं होतं. मन्मथ गॉगल लावून पंखाखाली उभा, त्याची आई त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकत होती. चार माणसं बसतील एवढं विमान. पंख डोक्यावर आडवे, त्यांना दोन्ही बाजूंनी तिरक्या दांड्यांचे टेकू, पुढं नाकाला पंखा आणि खाली तीन चाकं. मला बघून तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या दारात घोडं बांधतोय बरं का." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, ही म्हण मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवली होती, ती माझ्याच दारात उभी राहिली. आईला भेटायला तो महिन्यातून एक-दोनदा येणार, कधी मुक्काम करणार, कधी विमान इथं ठेवून मोटारीनं पुण्याला जाणार. जवळ कुणीतरी बघणारं हवं होतं. त्यानं राखणीला गडी शोधायची गोष्ट काढली, तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "गडी कावून? मी बगते की." मी वळून पाहिलं. कलावतीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती विमानाच्या चाकाकडे बघत होती.

विमान उडवणं त्या मानानं सोपं असावं असं मला तिच्याकडे बघून वाटायला लागलं. खरं काम ते जमिनीवर असतानाच. उतरलं की चाकांच्या पुढं-मागं लाकडी ठोकळे द्यायचे. आतल्या सुकाणूला खीळ घालायची, नाहीतर वाऱ्यानं शेपटीची फळी हापटून हापटून ढिली होते. नाक वाऱ्याकडे ठेवायचं. ढकलायचं तर दांडीला धरूनच ढकलायचं, भलतीकडे हात लावायचा नाही. पंखा बंद दिसला तरी तो चालूच आहे असं धरून वागायचं. खंडेनवमीला सरपंच पंख्याला हार घालायला निघाले, तर तिनं त्यांच्या हातातला हार काढून घेतला आणि चाकाला घातला. सरपंचाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पंखाखाली एक बारीक नळी होती, वेग मोजायची. तिच्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते म्हणून तिला खणाच्या कापडाची टोपी शिवली. इंजिनाच्या झाकणात साळुंक्या काड्या भरायच्या. ती रोज सकाळी हात घालून काड्या काढायची आणि साळुंक्या दुपारपर्यंत पुन्हा भरायच्या. शेवटी तिनं भोकाच्या मापाच्या उश्या शिवल्या. आमच्या घरातली एक उशी तेव्हापासून बारीक झाली आणि ती नेमकी माझीच होती.

समोरची काच पुसायला तिनं माझं जुनं मऊ धोतर फाडून घेतलं. पुसायचं ते वरून खाली, गोल गोल नाही, नाहीतर चरे पडतात. हे ती मला इतक्या गंभीरपणे सांगायची, की मी एकदा चष्मा काढून तिच्यापुढं धरला. म्हणालो, "हाबी पूस की जरा." ती म्हणाली, "त्याला काय झालंय, त्यातनं कुठं जायाचंय तुमाला?" आणि चष्मा तसाच माझ्या हातात. उडायच्या आधी पंखातल्या टाकीतून काचेच्या पेल्यात थोडं पेट्रोल काढून बघायचं असे, तळाला पाण्याचा थेंब दिसतो का म्हणून. ती तो पेला उन्हात धरून असा काही निरखायची... पोरगी बघायला आलेले पाहुणेसुद्धा इतकं निरखत नाहीत. मी तेव्हा बांधावरून बघत असायचो. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला असं कुणी उन्हात धरून बघितलं नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या हातून एक चूक झाली आणि ती चूक आमच्याकडचंच माणूस करू जाणे. मन्मथनं जमिनीत सिमेंटचे ठोकळे पुरून त्यांना कड्या बसवल्या होत्या. दोन पंखांखाली, एक शेपटीखाली. विमान दोरानं त्या कड्यांना बांधायचं. तिनं अंबाडीच्या दोरानं बांधलं, अगदी बैल बांधावा तसं. हातभर ढील ठेवून. बैलाला दाव्यात ढील द्यावीच लागते, नाहीतर त्याला बसता-उठता येत नाही, वैरणीपर्यंत तोंड जात नाही. लहानपणापासून हाताला जी सवय, तीच गाठ पडली. त्याच आठवड्यात वावटळ आली. ढील असल्यामुळे विमान उचललं जायचं आणि दणकन खाली यायचं, पुन्हा उचललं जायचं. शेपटीची कडी वाकली. मन्मथ आला, त्यानं ते दावं बघितलं आणि पोट धरून हसला. "अगं कलू, त्येला बसायचं न्हाई. त्यो उभाच ऱ्हातो." मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांना ही गोष्ट रंगवून सांगितली. घरी आलो तर ती ओट्यावर दोर भिजवत बसली होती. अंबाडीचा दोर भिजला की आखडतो, कोरडा झाला की सैल पडतो, किती आखडतो ते ती बोटानं मोजत होती. म्हणाली, "गुरुजी, करंगळी जाईल एवढी ढील ठिवायची. त्याच्या वर न्हाई अन् कमी बी न्हाई." माझ्या आनंदाचं आयुष्य एका रात्रीचं ठरलं.

मन्मथ उतरून विमान जागेवर आणायचा तेव्हा समोर उभं राहून हातांनी खुणा कराव्या लागायच्या. त्याला वरून नाकामुळे जवळची जमीन दिसायची नाही. दोन्ही हात वर, मग डावा हात हलला की एकीकडे, उजवा हलला की दुसरीकडे, आणि मनगटं डोक्यावर एकमेकांवर आली की थांब. आमच्या घरातली बाई, जी माझ्या मुख्याध्यापकांसमोर पाण्याचा तांब्या ठेवून आत पळायची, ती तिथं सगळ्या गावासमोर दोन्ही हात आभाळात करून उभी राहायची आणि पुण्याचा कारखानदार तिच्या मनगटांवर चालायचा. लोक पारावर बोलायचे. "गुरुजी, तुमच्या बाईचा हुकूम लई भारी चालतो." यात थट्टा किती आणि टोमणा किती, हे ओळखण्याइतकी मराठी मला येत होती.

माझी खरी तक्रार मात्र वादळाची. ती मी नातवंडांनासुद्धा सांगितली आहे. वैशाख होता. मला हिवताप भरला होता आणि मी तीन गोधड्या घेऊन पडवीत पडलो होतो. पोरं शिकायला बीडला. दुपारी धारूरच्या अंगानं आभाळ काळंनिळं झालं आणि वारा एकदम पडला. कलावती माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवत होती. तिनं दारातून बाहेर बघितलं. विमानाचं नाक मावळतीला होतं आणि वादळ उगवतीकडून येत होतं. शेपटीकडून वारा घुसला तर विमान पालथं झालं असतं. हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की पट्टी कपाळावर अर्धी टाकून बायको पळाली. मी "अगं" म्हणालो, पुन्हा म्हणालो. ती बांधापलीकडे गेली होती.

तिनं एकटीनं दोर सोडले, शेपटीवर भार टाकून नाक उचललं आणि आख्खं विमान जागच्या जागी फिरवलं. पुन्हा बांधलं, आणि वारा आला तेव्हा ती पंखाच्या दांडीला लोंबकळत होती. इकडं आमच्या पडवीचे पत्रे उडाले. पहिला गेला तो आवाज अजून माझ्या कानात आहे, ताटली आपटावी तसा. मग दुसरा, मग सगळेच. पाऊस सरळ माझ्या गोधडीवर. तापानं अंगात उठायची ताकद नाही आणि मी तिथं भिजत पडलो, बायको विमानाला मिठी मारून बसलीय या विचारानं आणखी तापत. वादळ गेल्यावर ती आली. पदर फाटलेला, दोराच्या ओढीनं दोन्ही तळहात सोलवटलेले. मला कोरड्या भिंतीशी ओढलं, अंग पुसलं. मी म्हणालो, "आणि माझं काय झालं असतं म्हणजे?" ती थकून भिंतीला टेकली होती. म्हणाली, "तुमाला काय वारा उडवून नेतोय व्हय, गुरुजी?"

आता यात चूक काय आहे सांगा. वारा मला उडवून नेणार नव्हता, बरोबर आहे. तर्काला धरून आहे. भूमितीचा माणूस मी, मला नाकारता येईना. पण नवऱ्याला असं उत्तर द्यायचं नसतं. त्यानंतर पत्रे नवे टाकले, त्यांच्यावर दगड ठेवले, ते आजवर हलले नाहीत. माझ्या मनातलं मात्र तिथंच उघडं राहिलं.

मन्मथनं आम्हाला विमानात बसवायचा फार आग्रह केला. मी बसलो नाही. त्याच्या शेजारी बसून, त्यानं दाखवलेलं आमचंच शेत 'व्हय का, छान' म्हणत बघायचं, ते मला जमणारं नव्हतं. तिलाही तो दरवेळी म्हणायचा. "कलू, एक चक्कर. आत्याच्या घरावरनं आणतो फिरवून." मी कान टवकारून बसायचो. ती कधीच गेली नाही. एकदा मीच न राहवून विचारलं, "मनात असंल तर जा की. माझं काय म्हणणं न्हाई." मनात म्हणणं भरपूर होतं. तिनं माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "मी वर गेले तर उतरताना खाली कोन उभं राहील?" मला या उत्तराचा अर्थ माझ्या बाजूनं लावता येईना आणि मन्मथच्या बाजूनंही लागेना, म्हणून मी ते सोडून दिलं.

नव्वदचं दशक सरताना आत्या गेली. त्यानंतर वर्षभरात मन्मथनं विमान विकलं. दक्षिणेकडचा कुणी घेणारा होता, त्याचा माणूस न्यायला आला. आदल्या दिवशी कलावतीनं विमान धुतलं. पंखांच्या खालची बाजू, जिकडं कुणी बघत नाही, तीसुद्धा. सकाळी त्या परक्या पायलटला ती सांगत होती, "डाव्या चाकाची हवा लौकर उतरती, बगत जा. अन् पंखाखालच्या नळीला टोपी घातल्याबिगर सोडू नका, कुंभारीण लई वंगाळ." लेकीची पाठवणी करताना व्याहीणबाईला सांगावं तसं. तो मद्रासी का कुठला, त्याला काही कळलं नसणार. पण त्यानं मान डोलावली. विमान दिसेनासं झाल्यावर ती घरी आली, चूल पेटवली आणि पुढं कित्येक दिवस कामापुरतंही बोलली नाही. मन्मथचं नाव तर तिच्या तोंडून पुन्हा कधी निघालं नाही. त्याच्या पोराच्या लग्नाला मी एकटा जाऊन आलो. मी काय समजायचं ते समजलो. येणारा यायचा थांबला म्हणून बाई अशी झाली. हे मी मनात पक्कं केलं, आणि तेच घेऊन पुढं इतकी वर्षं तिच्या शेजारी जेवलो, झोपलो, म्हातारा झालो.

तिच्या दिवसकार्याला, म्हणजे आमच्यातल्या शिवगणाराधनेच्या दिवशी, मन्मथ आला. हातात काठी, केस गेलेले, नातू धरून आणत होता. तिच्या फोटोपुढं बसला आणि 'कलू, कलू' म्हणत मोठ्यानं रडला. मी तोपर्यंत रडलो नव्हतो. घरात माणसं भरलेली आणि माझ्या बायकोसाठी पहिला हुंदका त्याचा. तिथंही त्यानं मला मागं टाकलं. जेवणं उरकली, लोक पांगले, तो ओट्यावर बसूनच राहिला. मी शेजारी बसलो. बोलायला विमानाशिवाय दुसरा विषय नव्हता.

"गुरुजी," तो म्हणाला, "विमान मी कावून इकलं, कलूनं सांगितलं का तुमाला?"

"न्हाई. आत्या गेली, तुमाला यायचं कारण उरलं न्हाई. गाव तसंच म्हनत होतं."

"आईसाठी मोटारीनं बी येता येत होतं की. म्या विमान का आणायचो?" त्यानं काठी आडवी मांडीवर घेतली. "मी उतरायचो तवा ती आधी ठोकळे द्यायची. मग चाकं बघायची. मग इंजिन थंड झालं का, तेल गळतं का. मी तितंच उभा असायचो. 'आप्पा, बरं हाय का' असं एकदा इचारलं न्हाई, गुरुजी. एकदा न्हाई. बायको गेली माझी, तवा मी आलो हुतो. तवाबी तिनं शेपटाकडनं वाकून इचारलं, शेपूट कुटं घासलं का हो, चरा दिसतोय."

मी त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. तो त्यानं तसाच ठेवला.

"मला त्या पत्र्याच्या पाखराचा हेवा वाटाय लागला. लई वाटाय लागला. शेवटी इकून टाकलं. तिनं मला माफ केलं न्हाई त्याचं."

मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. आधी सुटल्यासारखं झालं. म्हणजे तिच्या लेखी पहिला नंबर त्याचा नव्हताच. इतकी वर्षं मी ज्याच्यावर जळलो, तो माझ्याच शेजारी रांगेत उभा होता. आणि मग लगेच संताप आला. या माणसानं तिचं विमान विकलं होतं, स्वतःच्या पोटदुखीपायी. मी इतकी वर्षं जळलो, पण दोराच्या गाठीलासुद्धा कधी हात लावला नव्हता. आणि जळायचं त्याला कारण काय? तो हक्क माझा होता. लग्न मी केलं होतं. हे मी त्याला बोलून दाखवलं. "आप्पा, जळायचा हक्क माझा हुता. तुमी कोन?" तो म्हणाला, "व्हय. तेबी खरं." भांडण पुढं गेलं नाही. दोघांचीही वयं तशी नव्हती.

उन्हं उतरल्यावर आम्ही दोघं माळावर गेलो. आता तिथं तरोटा माजलाय, एका बाजूनं प्लॉटिंगचे खांब रोवलेत. तो काठीनं जमीन चाचपत चालत होता. एका जागी थांबला. "इथं," म्हणाला. "कलू इथं उभी राहायची."

ही जागा आमच्या कुंपणाच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होती. मी तिथून रोज जातो-येतो, मला नेमकी सांगता आली नसती. त्याला आली. मी भिंतीशी उभा राहून तिला कितीतरी वेळा बघितलं होतं. हात वर केलेली, पातळाचा पदर पंख्याच्या वाऱ्यानं मागं फडफडणारी. पण विमान घराच्या दिशेनं यायचं आणि ती त्याच्याकडे तोंड करून, म्हणजे मला नेहमी तिची पाठ. समोरून तिला बघणारा हा एकटाच. आमच्या संसारात मी तिला दमलेली पाहिली, चिडलेली पाहिली, पोरांच्या निकालाच्या दिवशी हसलेली पाहिली. पण दोन्ही हात आभाळात असताना कशी दिसायची, ते माझ्याकडे नव्हतं. ते मागून घ्यायला मला लाज वाटली, तरी मागितलं.

"आप्पा, एक इचारू? तुमी यायचा तवा... तिचा चेहरा कसा असायचा?"

तो बराच वेळ आठवत राहिला. काहीतरी चांगलं द्यावं असं त्याच्या मनात होतं, ते मला दिसत होतं.

"खरं सांगू का गुरुजी? म्या तोंडाकडं कदी बगितलंच न्हाई. हातांकडं बगायचो. तशी शिस्तच हाय, नजर हातांवरनं काढायची न्हाई. बांगड्या हिरव्या असायच्या, एवढं सांगतो. तोंड... न्हाई ध्यानात."

मला राग यायला हवा होता. मी एवढंच म्हणालो, "बघायला पाहिजे हुतं, आप्पा."

त्यानं आमच्या भिंतीकडे बघितलं, मग तिथून माळाला वळसा घालून समोरच्या अंगाला येणाऱ्या पायवाटेकडे.

"तुमीबी की, गुरुजी," तो म्हणाला. "किती लांब हुतं?"